शमोरिनची अकरा वर्षं

धनंजय इंगवले कराडच्या वैधमापन कार्यालयात निरीक्षक होता. भाजीबाजारातले तराजू, रेशन दुकानांचे काटे, पेट्रोलपंपांची मापं, सगळ्यांवर त्याचा शिक्का लागायचा. माप दोन ग्रॅमनं हलकं असलं तरी त्याला हातात घेतल्याबरोबर कळतं, असं कचेरीतले लोक म्हणत. हाच माणूस अकरा वर्षं, रोज संध्याकाळी जेवणं आटोपली की, बायकोच्या तळहातावर एक फिकट पिवळी गोळी ठेवत आला होता. वृंदा ती पाण्याबरोबर घेई, पेला विसळून पालथा घाली आणि ओटा पुसायला लागे.

गोळीचं नाव शमोरिन. ती सुरू झाली २०३२ च्या एप्रिलमध्ये. त्या महिन्यात कराडात पारा सेहेचाळीसला टेकला होता. एका रविवारी त्यांचा मुलगा ईशान, वय वर्षं चौदा, क्रिकेटची मॅच खेळायला गेला आणि दुपारी दोनच्या सुमाराला मैदानावरच कोसळला. उष्माघात. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर आठवडाभर वृंदा जेवली नाही की झोपली नाही. दहाव्या दिवशी सकाळी ती गच्चीच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसलेली सापडली. धनंजयनं तिला मागून धरून खाली आणलं आणि तसंच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी शमोरिन लिहून दिली, सहा आठवड्यांसाठी. नातेवाईक म्हणून धनंजयनं सही केली.

गोळी लागू पडली, यात शंकाच नव्हती. वृंदा झोपायला लागली, जेवायला लागली. महिन्याभरात नगरपालिकेच्या ग्रंथालयात कामावर हजर झाली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, कसं सावरलं हो बाईनं. सहा आठवडे संपले तेव्हा डॉक्टर बदलून गेले होते. नव्यांनी आधीचा कागद बघितला आणि पुढचा लिहून दिला. त्यानंतर जो जो डॉक्टर आला, त्यानं हेच केलं. आधीच्यानं काही विचार करूनच दिलं असेल, असं प्रत्येकाला वाटत गेलं.

पूर्वीची वृंदा भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून कडाकडा भांडायची आणि पुढच्या मिनिटाला त्याच्याच एखाद्या बोलण्यावर इतकी मोठ्यानं हसायची, की पलीकडच्या रांगेतली माणसं वळून बघत. शमोरिनवरची वृंदा कुणाशी भांडली नाही आणि तसं हसलीही नाही. तिचं वागणं नीटनेटकं होतं, बोलणं गोड होतं. ईशानचा विषय निघाला तर ती शांतपणे ऐके आणि म्हणे, हो, फार वाईट झालं.

धाकटी ओवी तेव्हा आठ वर्षांची होती. आई तिचा डबा भरायची, वेण्या घालायची, शाळेच्या गॅदरिंगला पहिल्या रांगेत बसून टाळ्याही वाजवायची. ओवीला बक्षीस मिळालं तरी आई "छान" म्हणायची, आणि ताप आला तरी तेवढ्याच आवाजात "औषध घे" म्हणायची. सगळ्यांच्याच आया अशा असतात, असं ओवीला बरीच वर्षं वाटत होतं.

२०३६ मध्ये धनंजयनं गोळी बंद करायचा प्रयत्न केला होता. घरी मिलिग्रॅमचा नाजूक काटा आणून तो गोळी ब्लेडनं तासायचा आणि रोज कणभर कमी द्यायचा. दोन महिन्यांत अर्ध्यावर आला आणि मग थांबला. तिला सोसलं नाही, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. पुन्हा पूर्ण गोळी सुरू झाली.

नवव्या वर्षी वृंदाचे हात थरथरायला लागले. पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक लिहिताना आकडे वाकडे येत. बोलताना शब्द हरवत. चिमट्याला ती "ते भांडं उचलायचं" म्हणायची. दोनदा जिन्यात पडली. तरी धनंजयनं गोष्ट पुढे ढकलली.

ती ढकलू दिली नाही ओवीनं. ओवी आता एकोणीस वर्षांची होती, कोल्हापूरला खोली घेऊन नर्सिंग शिकत होती. २०४३ च्या जानेवारीत तिच्या स्कूटरला टेम्पोनं धडक दिली. उजवा हात दोन ठिकाणी मोडला, कपाळाला नऊ टाके पडले. आईबाबा धावत गेले. वृंदानं फॉर्म भरले, मोसंब्याच्या फोडी सोलून दिल्या, चादर नीट केली आणि खिडकीपाशी बसून मासिक वाचायला घेतलं. ती चहा आणायला खाली गेल्यावर ओवी बाबांना म्हणाली, "आई मला बघायला नाही आली, बाबा. पेशंट बघायला आलीय." थोड्या वेळानं म्हणाली, "ती गोळी बंद करा. नाहीतर मी घरी येणं बंद करते."

म्हणून फेब्रुवारीत तिघं मिरजेला गेली. दीर्घकाळ औषधं घेतलेल्या लोकांसाठी तिथं एक नवा विभाग निघाला होता. डॉ. नसीमा मुजावर तो चालवत. त्या पन्नाशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई होत्या. वृंदाला तपासणीसाठी आत पाठवून त्यांनी धनंजय आणि ओवीला समोर बसवलं.

त्यांनी सांगितलं ते असं. कुठल्याही आठवणीचे दोन भाग असतात. काय घडलं हा एक आणि तेव्हा काय वाटलं हा दुसरा. दुसऱ्या भागाचा शिक्का मेंदूतला एक बदामाएवढा भाग मारतो. आपण आठवण काढतो तेव्हा ती जणू कपाटातून बाहेर येते आणि परत ठेवताना तिच्यावर नव्यानं शिक्का बसतो, दर वेळी थोडा फिकट. माणूस दुःखातून बाहेर येतो तो असा, हजारो वेळा आठवून. शमोरिन तो शिक्का मारणारा हातच धरून ठेवते. सहा आठवडे धरला तर माणूस तगतो. अकरा वर्षं धरला, तर मेंदू त्या पकडीविरुद्ध जोर लावत राहतो, नवी केंद्रं उभी करतो. औषध एकदम काढलं की ती सगळी एकाच वेळी जागी होतात. झटके येऊ शकतात, भास होतात, माणूस जीवही देऊ शकतो.

"आणि हळूहळू काढलं तर?" धनंजयनं विचारलं.

"तर सुटतं. पण एक लक्षात ठेवा. तुमचं दुःख अकरा वर्षांचं झालंय. त्यांचं जेमतेम दहा दिवसांचं आहे. ते तिथंच थांबलंय."

मग ओवीनं तिला हवं होतं ते विचारलं. या अकरा वर्षांत घडलेल्या गोष्टींबद्दल आईला नंतर काही वाटेल का? डॉक्टर म्हणाल्या, जुन्या आठवणींवर जुना शिक्का आहे, तो उघडा पडेल. पुढचं सगळं नव्यानं उमटेल. मधल्या वर्षांवर मात्र शिक्का बसलेलाच नाही. जे उमटलंच नाही ते परत कसं येणार?

ओवीनं मान हलवली आणि प्लास्टरवरचा दोरा ओढत बसली.

यंत्र म्हणजे एक रुपयाएवढी चकती होती. ती कानामागे चिकटवायची. घामातली रसायनं आणि मेंदूतली विजेची बारीक हालचाल ती सतत वाचायची आणि स्वतःच्या पोटातलं औषध त्या मानानं, केसाएवढं केसाएवढं कमी करत त्वचेतून सोडायची. शरीर फार कुरकुरलं तर थांबायची, निवळलं की पुन्हा कमी करायची. सगळ्याला सात-आठ महिने लागणार होते. यंत्राला न दिसणारी एखादी गोष्ट घरातल्या माणसाला दिसू शकते, म्हणून एका सोबत्याच्या फोनवर एक बटण दिलेलं असे. ते दाबलं की मात्रा एका दिवसापुरती स्थिर राहायची. वृंदाचा सोबती म्हणून धनंजयनं नाव लिहिलं. कचेरीत सांगून त्यानं लांबलचक रजा घेतली.

पहिले तीन महिने शरीराचे होते. वृंदाच्या तळपायांची आग व्हायची, तेव्हा धनंजय घमेल्यात गार पाणी घेऊन तिच्यासमोर बसायचा. भांड्याचा आवाज झाला तरी ती दचकायची, म्हणून त्यानं सगळी स्टीलची ताटं बांधून माळ्यावर टाकली आणि दोघं पत्रावळीवर जेवू लागली. उजेड सोसायचा नाही, म्हणून खिडक्यांना जुनी धोतरं लावली. रोज सकाळी तो तिला हाताला धरून नदीकाठी फिरवून आणायचा. चालता चालता ती रस्त्यातच बसायची. मग तोही शेजारी बसायचा, येणाजाणाऱ्यांची पर्वा न करता. ओवी दर शनिवारी यायची. एकदा ती बाबांना म्हणाली की इतकं मला नसतं जमलं. त्याला बरं वाटलं, आणि का कोण जाणे, लाजही वाटली.

चौथ्या महिन्यात वृंदा दारावरच्या भाजीवालीशी भांडली. वांगी किडकी होती. आवाज इतका चढला की धनंजय अंघोळ अर्धवट टाकून बाहेर आला. वृंदा लाल झाली होती. त्याच्याकडे बघून तिला हसू फुटलं, ते थांबेना. अंगावर साबण तसाच घेऊन तोही हसला. अकरा वर्षांनी त्याला आपली बायको भेटली होती.

दुसऱ्या दिवशी ईशान आला. कपाट आवरताना तिला त्याचा शाळेचा स्वेटर सापडला. तो अकरा वर्षं तिथंच होता, ती दरवर्षी ऊन देऊन घडी करून ठेवत आली होती. या वेळी तो हातात घेतला आणि ती खाली कोसळली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो धनंजयनं याआधी एकदाच ऐकला होता, दवाखान्याच्या आवारात.

त्यानंतर ती रोज रडायची. सकाळी उठली की पहिल्यांदा तिला कळायचं, की ईशान नाही. रोज नव्यानं. एका शनिवारी ओवी आली तेव्हा वृंदानं तिचं कपाळ हातात धरलं, व्रणावरून बोट फिरवलं आणि घाबरून विचारलं, हे कधी लागलं. ओवी म्हणाली, जानेवारीत, तूच आली होतीस ना. वृंदाला आठवत होतं. फॉर्म आठवत होता, मोसंबी आठवत होती. ती लेकीचं तोंड चाचपत राहिली. ओवीनं तिचे हात हळूच बाजूला केले आणि चहा ठेवायला आत गेली.

हळूहळू वृंदा त्या रविवारचे तुकडे जुळवायला लागली. सकाळी पोहे केले होते. त्याचे पांढरे मोजे वाळले नव्हते. मग ती धनंजयकडे बघायची, काहीतरी विचारणार असं वाटायचं. धनंजय उठून गॅलरीत जायचा आणि फोन काढून बटण दाबायचा. दिवसभर मात्रा स्थिर राहायची, वृंदा जरा निवांत व्हायची, प्रश्न मागे पडायचा. आज तिला फार त्रास होत होता, असं तो स्वतःला सांगायचा.

सहाव्या महिन्याच्या तपासणीला डॉ. मुजावर यांनी वृंदाला बाहेर बसवलं आणि त्याला एकट्याला बोलावलं. पडद्यावर एक आलेख होता. त्यांनी नऊ ठिकाणी बोट ठेवलं. नऊ वेळा तुम्ही थांबवलंत, त्या म्हणाल्या. त्यातल्या सात वेळा त्यांचं शरीर शांत होतं. तेव्हा त्रास कुणाला होत होता?

धनंजयनं खिशातला फोन काढून टेबलावर ठेवला. मग त्यानं आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. त्या रविवारी वृंदा ईशानला पाठवू नका म्हणत होती. यानंच पाठवलं. चार वर्षांनी गोळी अर्ध्यावर आली होती तेव्हा एका दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालता घालता थांबली, त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला..." एवढंच. पुढचं वाक्य त्याला ऐकवणार नव्हतं. त्या संध्याकाळी त्यानं पूर्ण गोळी दिली. तिला सगळं सोसत होतं. सोसत नव्हतं ते याला.

डॉक्टरांनी त्याला दोष दिला नाही. पाणी दिलं. सोबत्याचं नाव बदलून ओवीचं करावं लागेल, एवढं म्हणाल्या. आणि हे वृंदाला तुमच्याकडूनच कळायला हवं.

परतीच्या गाडीत त्याला जमलं नाही. पुढचा आठवडाही जमलं नाही. मग एका रविवारी सकाळी वृंदानंच विचारलं. ओवी ओट्यापाशी कणीक मळत होती. धनंजय पेपर वाचत होता.

"मी नको म्हटलं होतं ना?"

त्यानं पेपर खाली ठेवला. "हो."

"काय म्हटलं होतं मी?"

"बाहेर जाळ पडलाय, आज पाठवू नका."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, टोपी घालून जाईल. पोराला किती कोंडायचं घरात."

वृंदानं सावकाश मान हलवली. तिच्याही हिशेबात हेच येत असावं. त्याला तिथं थांबता आलं असतं. पण त्यानं मिरजेत सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, काटा, ब्लेड, ती दुपार, ती संध्याकाळ आणि गेल्या दोन महिन्यांतलं बटणही. ओवीचे हात परातीत तसेच राहिले.

वृंदा रडली नाही. गेले दोन महिने सतत रडणारी बाई एकदम कोरडी झाली.

"ईशानला तुम्ही मरायला नाही पाठवलंत," ती म्हणाली. "ते मला कळतंय. आज नाही, पण कधीतरी ते मी सोसेन. पण गोळी तुम्ही रोज मोजून दिलीत. सात वर्षं." तिनं ओवीकडे बोट केलं. "ही बारा वर्षांची झाली, पंधराची झाली. हिला पाळी आली तेव्हा मी काय बोलले, ते शब्द न शब्द मला आठवतात. आणि एखाद्या शेजारणीच्या पोरीचं आठवावं, तसे आठवतात. हिची आई मी कुठून आणू आता?"

ओवीनं हात धुतले नाहीत. पिठाच्या हातांनीच येऊन ती आईच्या पाठीशी उभी राहिली. बाबांकडे तिनं बघितलं नाही.

वृंदा लगेच घर सोडून गेली नाही. अजून ती एकटी जिना उतरू शकत नव्हती, आणि ओवीची परीक्षा होती. आणखी अडीच महिने ती त्याच घरात राहिली. धनंजयनं तिचे पाय पाण्यात धरले, तिला फिरवून आणलं, तिचं जेवण केलं. तिनं ते करून घेतलं. ती त्याच्याशी वाईट बोलली नाही. बटण आता ओवीकडे होतं आणि ओवीनं ते एकदाही दाबलं नाही. आईच्या सगळ्यात वाईट दिवसांत ती कॉलेज बुडवून यायची, तिच्याशेजारी जमिनीवर पडून राहायची आणि दादाच्या गोष्टी सांग म्हणायची. स्वतःच्या गोष्टी तिनं आईला कधी विचारल्या नाहीत.

ऑक्टोबरमध्ये मिरजेला चकती काढली. सगळे आकडे जिथं असायला हवेत तिथं होते, हातांची थरथर जवळजवळ गेली होती. विभागातल्या नर्सनं पेढे दिले. बाहेर आल्यावर वृंदानं धनंजयला सांगितलं, की ती कोल्हापूरला ओवीकडे राहणार आहे. किती दिवस, ते तिलाच माहीत नव्हतं. तिनं पिशवी आधीच भरून आणली होती. मिरज स्टेशनवर त्यानं दोघींना कोल्हापूरच्या गाडीत बसवलं, पाण्याची बाटली खिडकीतून दिली. वृंदानं ती घेतली आणि म्हणाली, "पायाचं तुम्ही फार केलंत." गाडी सुटली. त्याची गाडी उलट्या दिशेची होती, तिला अजून अवकाश होता.

डिसेंबरपर्यंत धनंजय नऊ किलोनं उतरला. झोप येईना. कचेरीत एका किराणा दुकानदाराचं माप त्यानं बरोबर म्हणून शिक्का मारून परत केलं आणि ते चाळीस ग्रॅमनं कमी निघालं. साहेबांनी त्याला रजा देऊन तपासून घ्यायला पाठवलं. कराडातल्या डॉक्टरांनी एक नवी गोळी लिहून दिली. शमोरिनपेक्षा पुष्कळ सौम्य, फक्त थोड्या दिवसांसाठी, असं ते म्हणाले. कागद त्यानं खिशात ठेवला आणि तीन दिवस औषधाच्या दुकानावरून जात-येत राहिला.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, दुपारी बाराच्या सुमाराला वृंदाचा फोन आला. ग्रंथालयातून ती स्वेच्छानिवृत्ती घेत होती, त्या कागदांना त्याची सही हवी होती. ते बोलणं झालं. मग तिनं विचारलं, आवाज असा का येतोय. त्यानं झोपेचं सांगितलं आणि गोळीचंही सांगितलं. आता तिच्यापासून काही लपवायचं त्याच्यात उरलं नव्हतं.

"घेतली?"

"अजून नाही."

"ईशान गेला तेव्हा तुम्ही रडलात का?"

त्यानं आठवून बघितलं. आधी तिला धरायचं होतं, म्हणून डोळे कोरडे ठेवले होते. नंतर घरात कुणीच रडत नव्हतं. "नाही," तो म्हणाला.

"मग आत्ता रडा. मी आहे फोनवर."

तो स्वयंपाकघरात होता. भिंतीला टेकून खाली बसला.  मग हुंदका आला आणि त्यानं तोंडावर हात ठेवला, पण तो हाताला आवरण्यासारखा नव्हता. तो मुलाचं नाव घेऊन रडला. जाऊ दे म्हटलं म्हणून रडला, मोजून दिलं म्हणून रडला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कोण आहे, असं ओवीनं विचारलेलं त्याला ऐकू आलं आणि वृंदा म्हणाली, बाबा आहेत, तू जेवून घे.

तिनं त्याची समजूत काढली नाही. माफ केलं असं म्हटलं नाही, येते असंही म्हटलं नाही. मधूनमधून तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि एकदा तिनंही नाक ओढलं. पाऊण तास झाला असेल. त्याचं रडणं ओसरलं, उचक्या राहिल्या.

"पाणी प्या," वृंदा म्हणाली. "उद्या बारा वाजता परत फोन करते."